साराम्माचं सेकंड

साराम्मा, तुझ्या मातीला निघताना मला घरातून एकच गोष्ट बजावण्यात आली. जा, पण गाऊ नकोस.

बजावणारे आमचे हे. समोरासमोरच्या दारांत आपण इतकी वर्षं काढली, पण तुम्हा दोघांची मजल 'साहब' आणि 'सिस्टर' यांच्यापुढे कधी गेली नाही. तुझ्याबद्दल त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू तोंड फुगवशील. तू गेलीस तेव्हापासून जिन्यावरून खालीवर तेच करत होते. गाडी सांगितली, तुझ्या लेकीला, शीबाला, इंदूरच्या विमानतळावरून घेऊन आले, खुर्च्या मागवल्या. पण चर्चला निघताना मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "वसुधा, बस, फूल वाहा, शीबाजवळ थांब. पण गाऊ नको तू. आजकाल माहोल कसा आहे तुला माहीत आहे. कोणी फोन काढला, व्हिडिओ करून टाकला, तर आपण कोणाकोणाला समजावत बसू?"

मी दुसरी चप्पल पायात सरकवली. मी उत्तर देत नाही तेव्हा माझ्या पोटात काय चाललेलं असतं, ते तुला बरोबर कळायचं. त्यांना लग्नाला एवढी वर्षं होऊनही कळत नाही.

मी तुला शब्द दिला होता ना. तुमच्या घरची रीत अशी, की शवपेटी बंद करण्याआधी घरच्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेचं तुमचं ते गाणं म्हणायचं, दोन आवाजांत. पहिला आवाज शीबा गाईल आणि दुसरा, म्हणजे तुझं ते सेकंड, मी गायचं. हा शब्द तू माझ्याकडून चहा पिता पिता काढून घेतलास. तेव्हा तू चांगली ठणठणीत दिसत होतीस, म्हणून मीही हसत हसत देऊन टाकला. आता वाटतं, नर्स होतीस, तुला तुझं काहीतरी कळलेलं असणार. मला सांगितलं नाहीस याचा राग आहे मला, आणि तो मी आज गिळणार नाही.

आपण जन्मभर हिंदीत बोललो, एकमेकींना 'तुम' म्हणत. आज तुला मराठीत तू म्हणतेय, कारण मराठीत 'तुम'ला जागाच नाही. एक तर तू, नाहीतर अहो-जाहो, आणि अहो-जाहो करावं इतकी परकी तू मला वाटली नाहीस. तुला वाचता येणार नाहीच. मराठी माणसांच्या समोर राहून तू मराठीतले दोनच शब्द उचललेस, 'बस्स' आणि 'कशाला'. त्यातला दुसरा माझ्यावरच चालवायचीस.

तुझी हिंदी हेही एक प्रकरणच होतं. तरुण वयात केरळातलं कोट्टायम सोडून, एक ट्रंक घेऊन तू उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरलीस, सरकारी दवाखान्यात नोकरी केलीस, इथेच निवृत्त झालीस, नवऱ्याच्या मागे शीबाला इथेच वाढवलंस, पण शेवटपर्यंत सगळं उज्जैन पुल्लिंगी करून ठेवलंस. "वसुदा, तुम आया नहीं आज." माझ्या नावातला ध तुला कधी सापडला नाही. मी चिडवलं की म्हणायचीस, "तुम्हारा हिंदी कौन सा हिंदी है? वो तो मराठी है, साड़ी बदल के आया है."

खरंच होतं ते. आमचे पूर्वज दरबाराच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. आमची हिंदी मराठी वळणाची आणि मराठी हिंदी वळणाची, आणि दोन्हीकडचे आम्हाला हसतात. त्या हिंदीनेच आपला पहिला घोटाळा केला. तू नुकतीच समोर राहायला आली होतीस. मी दर गुरुवारी कुठे जाते ते तू विचारलंस, मी म्हटलं, भजनी मंडळात. तिथे तू काय गातेस? आता आमच्या मंडळात कुमुदताई पुढे गातात, आणि त्यांनी ओळ टाकली की आम्ही बाकीच्या तीच ओळ मागून उचलतो. आमच्या घरात याला झील ओढणं म्हणतात. मी तेच सरळ हिंदीत ढकललं. "मैं कहाँ गाती हूँ, मैं तो बस झील ओढती हूँ."

तू मान हलवलीस आणि गेलीस. काही दिवसांनी जिन्यात भेटलीस तेव्हा फार काळजीने विचारलंस, "वसुदा, झील ओढ़ के गाने में ठंडा नहीं लगता?"

मला काही कळेना. मग उजेड पडला. हिंदीत झील म्हणजे तळं आणि ओढ़ना म्हणजे पांघरणं. दर गुरुवारी मी एक तळं अंगावर पांघरून देवाचं गात बसते, असं चित्र तू मनात घेऊन फिरत होतीस. मी जिन्यातच बसून हसले. तू हसली नाहीस. "अच्छा बात है," म्हणालीस. "हमारे घर के पीछे भी पानी था. शाम को वहीं बैठ के गाता था."

त्या वेळी तू रोज दिवेलागणीला गायचीस. आवाज गोड, सूर पक्का, पण चाल कुठे म्हणून जायची नाही. एका सुरावर उभी राहायची, मग एक पायरी खाली, की पुन्हा तिथेच. मी इकडे कणीक मळताना चरफडायचे. एवढा गळा दिलाय देवाने, आणि गाणं कुणीतरी धडधडीत चुकीचं शिकवलंय. एकदा न राहवून तुला तसं बोललेही. तू रागावली नाहीस. म्हणालीस, "ये पूरा गाना नहीं है. ये सेकंड है. फर्स्ट मेरा अम्मा गाता है, उधर." मला तोवर सेकंड म्हणजे घड्याळातला काटा एवढंच माहीत. तू समजावून सांगितलंस की घरी आई मूळ चाल गायची आणि लहानपणापासून तू तिच्या खालून दुसरी. लग्न झालं, नोकरी लागली, दोन हजार किलोमीटर मध्ये आले, तरी त्या वेळेला ती तिकडे तिचा आवाज गाणार आणि तू इकडे तुझा. एकमेकींना ऐकू जात नसलं तरी.

मी त्यावर काय बोलले आठवतं? म्हटलं, हा तर वेडेपणा आहे. आणि रात्री स्वयंपाक आवरताना मला भरून आलं, ते मात्र तुला सांगितलं नाही. आज सांगते.

मग आपलं ते सुरू झालं, एक गाणं तुझं, एक माझं. दुपारचा चहा, तुझ्याकडे असला तर कॉफी. नियम तुझा, की गाणं लागलं की शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही आणि भांडी तर अजिबात घासायची नाहीत. मी नाट्यपदं आणायचे, ठुमऱ्या, अभंग. माझा एक आवडता बुवा एका शब्दावर रेंगाळला की तू छताकडे बघायला लागायचीस. गाणं संपेपर्यंत थांबून म्हणायचीस, "ये आदमी एक ही कपड़ा कितना धोएगा?" तू तुमच्या चर्चची चार-चार आवाजांची गाणी लावायचीस, आणि मला वाटायचं चार माणसं चार वाटांनी निघालीत आणि एकमेकांना हाका मारताहेत. जुनी मल्याळी सिनेमातली गाणी मात्र मला आवडली, कबूल. आणि महाकालाच्या सवारीतले झांज-डमरू तुला आवडायचे, माझ्यापेक्षा जास्त. जन्म इथे घालवून गर्दीच्या भीतीने मी घरात, आणि तू डोक्यावर रुमाल टाकून ऑटोने पार तिथपर्यंत. कान बधिर करून घेऊन यायचीस आणि दारातूनच ओरडायचीस, "क्या बजाया!"

पण एका गोष्टीवर आपलं कधी जमलं नाही. मी म्हणायचे, गाणं म्हणजे एक सूर. बाकी सगळ्यांनी त्याच्या मागे जायचं. एकाच वेळी दोघींनी दोन सूर लावायचे आणि त्याला मिळून गाणं म्हणायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तू म्हणायचीस, तुझ्या तानपुऱ्यात नाहीत का दोन सूर? मी म्हणायचे, तानपुरा जमीन आहे, जमिनीशी कुणी भांडत नाही. तू म्हणायचीस, सेकंडसुद्धा भांडत नाही, ते फक्त हलत नाही. टावर चौकात साबुदाणा खिचडीची प्लेट हातात घेऊन आपण यावर इतक्या जोरात बोलायचो की खिचडीवाला दोन चमचे हातात धरून वाट बघत राहायचा.

तुझी आई गेली त्यानंतर तुझ्या दारातून काही ऐकू येईना. दिवेलागणीची वेळ यायची आणि जायची. बरेच दिवस मी वाट पाहिली आणि मग एका संध्याकाळी येऊन भांडले, की गात का नाहीस. तू म्हणालीस, उधर से कोई नहीं गाता अब. मग मी जे बोलले ते बोलायला मला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. म्हटलं, मग तू आईचा आवाज गा. तुझा मला शिकव.

काय हाल केलेस माझे. सेकंड म्हणजे एका सुरावर पोस्टाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं उभं राहायचं, आणि शेजारून तुझा पहिला आवाज झोकात वर चढायचा. दोन शब्द झाले की मी गेलेच तुझ्यामागे. मंडळात सारी हयात झील ओढण्यात गेलेली, पुढची बाई जिकडे जाईल तिकडे जायचं हे गळ्यात इतकं मुरलेलं, की मला कळायच्या आत माझा आवाज तुझ्या आवाजाला जाऊन चिकटायचा. तू थांबायचीस आणि शांतपणे म्हणायचीस, "झील में गिर गया." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गिर गया. एकदा वैतागून म्हणालीस, "वसुदा, बोलने में तुम किसी का नहीं मानता. गाने में सबका क्यों मानता है?" मी दोन दिवस तुझ्याकडे फिरकले नाही.

माझी नजर तुझ्या ओठांवर जाते म्हणून मी घसरते, असं तू ठरवलंस, आणि आपल्याला दिवाणावर पाठीला पाठ लावून बसवलंस. हे एकदा साखर मागायला तुझ्याकडे आले, तर दोन पिकल्या केसांच्या बायका एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. दारातूनच विचारलं, "भांडण झालं का?" आपण गात राहिलो. त्या दिवशी मी एक अख्खी ओळ धरली होती. पाठीतून तुझा आवाज वर जाताना कळत होता आणि मी आपल्या जागी होते. एकच ओळ, पुढच्या ओळीला पडले. पण ती एक ओळ ऐकताना मला पहिल्यांदा समजलं की तू कशाबद्दल भांडत होतीस. तसं मी तुला बोलले नाही. भांडण चालू ठेवण्यात मजा होती, आणि मला वाटलं आपल्याकडे वेळ आहे.

तू आमच्या मंडळात आलीस तो गुरुवार मात्र मजेचा नव्हता. मी तुला तीन-तीनदा सांगितलं होतं, ऐकायला ये, गायचं असेल तर सगळ्यांबरोबर गा. तू टाळ घेतलेस, डोळे मिटलेस, आणि विठ्ठलाच्या नावाला मनापासून खालचं सेकंड लावलंस. कुमुदताईंनी हात वर करून सगळं थांबवलं. "कोण बेसूर होतंय?" तू शाळेतल्या मुलीसारखा हात वर केलास. "मैं. बेसुर नहीं है जी, सेकंड है." एक जण फिसकन हसली. एक जण म्हणाली, ह्यांच्या चर्चचं इथे कशाला. ते मराठीत होतं, पण 'कशाला' तुला येत होतं.

मी त्या बाईला जे बोलायचं ते बोलले, सगळ्यांसमोर. आणि परत येताना रस्ताभर तुलाही बोलले, की तुला सांगितलं होतं तरी तू का ऐकलं नाहीस. तू एवढंच म्हणालीस, "उनका भगवान को दो सुर में बुलाया तो वो नाराज़ होगा क्या?" मी म्हटलं, भगवान नाही होणार, कुमुदताई होतील. तू नंतर मंडळात आली नाहीस. मीही बोलावलं नाही. दोन्ही बाजूंनी बरोबर असलेली भांडणं मिटत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

कुमुदताईंना तू वाईट समजू नकोस, हेही आज सांगते. त्यांच्या आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या तेव्हा रोज जाऊन त्या तू धुतल्यास, हे त्या विसरलेल्या नाहीत. तू गेल्याचं कळताच त्यांचा फोन आला आणि त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वसुधा, मी तर म्हणते जा तू. हार माझ्याकडून पण घाल. पण तिथे तोंड उघडू नकोस गं. आपल्याला मंदिराच्या लोकांमध्ये बसावं लागतं. मागच्या नाताळात तिच्या चर्चची ती गाणीवाली मुलं बिल्डिंगमध्ये आली तर किती लफडं झालं, विसरली का?" नव्हते विसरले. त्या मुलांना गेटवरूनच परत पाठवलं होतं आणि तू वर गॅलरीत उभी होतीस. नंतर माझ्याकडे येऊन तू केक कापलास आणि कुणाबद्दल एक शब्द काढला नाहीस. तुझी ती चूप मला अजून बोचते. भांडायचीस तरी, माझ्याशी भांडायचीस तशी.

तू आजारी पडलीस आणि दम लागायला लागला, तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, पहिला आवाज फोनमध्ये भरून ठेवू. मला सरावाला होईल. तू साफ नाही म्हणालीस. मी पुन्हा म्हटलं, तू पुन्हा नाही. मी चिडले. तू उशीला टेकून, थांबत थांबत म्हणालीस, "फोन के साथ गाएगा, तो फोन का झील ओढ़ेगा. फिर कभी नहीं सीखेगा."

असला हट्ट, साराम्मा. असला कसला हट्ट. तुझा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. लग्नाचे, वाढदिवसाचे व्हिडिओ आहेत, त्यात तू लोकांना पानं वाढतेयस. मागच्या काही दिवसांत मी सगळे बघून काढले. एकात तू 'बस्स' म्हणतेस, तेवढंच. ह्यावर मला तुझ्याशी अजून भांडायचं आहे. तुझं बरोबर होतं हे मान्य करूनही भांडायचं आहे.

आणि एक गैरसमज राहून गेला. त्या गाण्यात तुझ्या देवाचं नाव येतं, त्याच्या आधीचा शब्द मला कधी म्हणता आला नाही. तुमचं ते मल्याळी अक्षर, ळही नाही आणि झही नाही, जीभ कुठे न्यायची तेच कळायचं नाही, म्हणून मी दर वेळी तिथे अडायचे. तुला वाटलं, मला ते नाव घ्यायला जड जातंय. एक दिवस तू हळूच म्हणालीस, "वहाँ तुम सिर्फ आ गाओ. कोई बात नहीं." तुझ्या चेहऱ्यावर इतका समजूतदारपणा होता की मला खुलासा करायला लाज वाटली. मी 'आ' गात राहिले. साराम्मा, नावाचं काही नव्हतं. जीभ वळत नव्हती, एवढंच.

चर्चमध्ये हे शेवटच्या बाकावर दाराजवळ बसले. मी पुढे, शीबाशेजारी. तुला पांढऱ्या साडीत ठेवलं होतं. कुमुदताईंचा हार मी घातला. फादरचं बोलणं चाललं होतं, पण माझं लक्ष नव्हतं. मी मनात तो एक सूर धरून बसले होते. सुटला असता तर तिथे पुन्हा कोण देणार होतं?

शीबा उठली तशी मीही उठले. तेवढ्यात डाव्या बाजूच्या एका तरुण माणसाने फोन वर केला. मी मागे वळून पाहिलं. हे अर्धवट उठले होते, बाकाला धरून. माझ्याकडे बघत मान हलवत होते, नको, नको. तो माणूस दोन पावलं पुढे आला तेव्हा मला फोनचा पडदा दिसला. त्यात एक म्हातारी होती, डोक्यावरून पदर घेतलेली, हुबेहूब तुझं नाक. तुझी कोट्टायमची बहीण. तिला येणं झालं नाही म्हणून तो तिला तुझं शेवटचं दाखवत होता.

शीबाने सुरुवात केली. मी तोंड उघडलं. पहिल्याच ओळीला घसरले, दुसऱ्या शब्दाला गेलेच तिच्यामागे. मग थांबले, श्वास घेतला आणि माझ्या जागी येऊन उभी राहिले. दुसरी ओळ धरली. तिसरी धरली. बिल्डिंगमधल्या एक-दोघी वळून बघत होत्या, मला दिसत होतं. आणि चौथ्या ओळीवर शीबा अडखळली. तिने प्रयत्न केला, आवाज आला नाही, आणि ती तोंडावर हात धरून खाली बसली.

तुमच्या घरचं गाणं. तिथल्या कुणालाच ते येत नव्हतं. सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. मला पहिला आवाज येत होता, साराम्मा. इतकी वर्षं त्याच्यात पडून पडून तो पाठच झाला होता. मंडळात पुढच्या बाईला ठसका लागला तर मागच्या बाईने ओळ उचलून न्यायची असते, तेच आमचं काम. मी तो उचलला असता तर गाणं गाण्यासारखं वाटलं असतं, लोकांचा जीव भांड्यात पडला असता, आणि चर्चमध्ये काही मला तू 'गिर गया' म्हणणार नव्हतीस.

मी हलले नाही. त्या एका सुरावर उभी राहिले, एक पायरी खाली गेले, परत आले. त्या शब्दाला 'आ' न गाता माझ्या वाकड्या जिभेने तो शब्द म्हटला, चुकीचा म्हटला, आणि पुढचं नाव स्वच्छ घेतलं. एकटं सेकंड कसं ऐकू येतं ते मला पुरतं माहीत होतं. कणीक मळता मळता मी ते वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे. शेवटपर्यंत नेलं. मग शीबाने तुझ्या कपाळाचा मुका घेतला आणि त्यांनी पेटी बंद केली.

मंडळाच्या ग्रुपवर अजून कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ही शांतता मला आवडत नाही. कुमुदताईंचाही फोन नाही. या गुरुवारी मी जाणार आहे, बसू देतात का बघू. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

पण तुला सांगायचं होतं ते परतीचं. माती देऊन आम्ही स्कूटरवरून घरी येत होतो. आता हे बोलणार, मग बोलणार, म्हणून मी मागे बसून उत्तरं जुळवत होते. देवास गेटची गर्दी मागे पडली, पूल मागे पडला. फ्रीगंजच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मान न वळवताच म्हणाले, "एक विचारू का? चिडू नको. तुझी चाल चुकत तर नव्हती ना तिथे? काही लागतच नव्हती."

"चुकत नव्हती," मी म्हटलं. "ती अशीच आहे. ती दुसरी आहे."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्यांनी स्कूटर हलवली नाही.

"मग मूळ चाल कुठे होती?"

मी म्हटलं, "ती गेली."